सातवी कड

"पण मॅडम, काल बरोबर चाललेला मॅक्रो आज चुकेलच कसा?"

सुयोग भोकरेचा आवाज चढला होता. चेहरा मात्र उतरला होता.

रेहाना मॅडम कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिल्या.

मिरजेतल्या त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर पंपांच्या भागांची मॉडेल्स तयार होत. मॉडेलच्या धारदार कडा एकेक करून गोल करण्यात सगळ्यांचा वेळ जाई. सुयोगने त्यासाठी मॅक्रो, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहिला. बटण दाबलं की सॉफ्टवेअर आपोआप कडा गोल करी. ऑफिसभर त्याचं कौतुक झालं. मग तो म्हणू लागला, आता मॉडेल तपासायची गरजच नाही.

आज पंपाच्या झाकणाचं मॉडेल साचा करायला जाणार होतं. पाठवण्याआधी मॅडमनी ते सहज फिरवून पाहिलं आणि थांबवलं. रबरी रिंग जिथे घट्ट बसते, नेमकी तीच कड गोल झाली होती. त्या साच्यातलं प्रत्येक झाकण गळलं असतं.

"या झाकणासाठी तू मॅक्रोला काय सांगितलं आहेस?" मॅडमनी विचारलं.

"सातवी कड गोल कर."

मॅडमनी टेबलावरचं नमुन्याचं झाकण उचलून त्याच्या हातात दिलं.

"डोळे मीट. सातवी कड दाखव."

"कुठून मोजू?"

मॅडमनी त्याच्या हातातलं झाकण नुसतं उलटं केलं.

"आता दाखव."

"मॅडम, असं कसं..."

त्याचं बोट कडेवरच अडलं.

"सकाळी मी आणखी एक भोक पाडलं," तो हळूच म्हणाला. "सॉफ्टवेअरने दिलेले कडांचे नंबर सरकले..."

डोळे अजून मिटलेलेच होते.

"गोल करायची कड कुठली?"

त्याचं बोट झाकणावरून फिरलं आणि एका जागी थांबलं.

"ही."

"कशावरून?"

"वरची सपाट बाजू आणि बाहेरची भिंत इथेच भेटतात. दुसरीकडे कुठेच नाही."

"हे मॅक्रोला सांगितलंस?"

सुयोगने डोळे उघडले आणि खुर्ची पुढे ओढली.

त्याने नंबर खोडला. ज्या कडेवर वरची बाजू आणि बाहेरची भिंत भेटतात, ती शोध, असं लिहिलं. तशी कड मिळाली नाही, किंवा एकाहून जास्त मिळाल्या, तर कशालाही हात लावू नकोस, विचार, असंही लिहिलं.

मग त्याने मॉडेलची एक प्रत घेऊन तिच्यात आणखी भोकं पाडली आणि मॅक्रो चालवला. बरोबर तीच कड गोल झाली. रिंगची जागा जशीच्या तशी राहिली.

शेवटी त्याने मुद्दाम बाहेरची भिंतच काढून टाकली. मॅक्रो थांबला. पडद्यावर अक्षरं आली, 'ही कड सापडत नाही. तुम्ही दाखवा.'

सुयोग मोठ्याने हसला. खांदे सैल पडले. सकाळपासून आपण पाणीसुद्धा प्यायलो नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. तो उभ्या उभ्याच बाटलीभर पाणी प्यायला.

मॅडमनी दुरुस्त केलेलं मॉडेल पुन्हा एकदा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं आणि पाठवून दिलं.

"मॅडम, म्हणजे आता हा मॅक्रो कधीच चुकणार नाही ना?"

"आता त्याला 'माहीत नाही' म्हणता येतं."