कराचं ओझं

सरकारी दवाखान्यातल्या प्रमिला सिस्टरांचा निरोप समारंभ होता. पाहुणे म्हणून आले होते दौलतराव, निवृत्त बडे अधिकारी आणि आता पतपेढीचे अध्यक्ष. माइक हातात येताच त्यांनी उपदेश पाजायला सुरुवात केली.

"सिस्टर, पेन्शनचा जेवढा भाग विकता येतो तेवढा विकून टाका. त्या एकरकमी पैशावर कर नाही, महिन्याच्या पेन्शनवर मात्र आहे. आलेली रक्कम आमच्या पतपेढीत ठेवा. कर भरत बसायला तुम्ही काय वेड्या आहात?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्या पेन्शनवरच चालायचं होतं. पण भरसभेत या माणसाला नाही कसं म्हणायचं?

त्यांनी नम्रपणे विचारलं, "साहेब, तुम्ही तुमची विकलीत?"

"छे! माझी पूर्ण येते," दौलतराव छाती फुगवून म्हणाले. "एवढी मोठी, की कर भरून भरून कंटाळलो!"

"अगं बाई! मग या वयात तुम्हाला हा त्रास कशाला? दर महिन्याला ती पेन्शन मला देऊन टाका. कर मी आनंदाने भरीन."

सभागृह खदखदून हसलं. दौलतरावांना एकाएकी दुसरा कार्यक्रम आठवला आणि ते चहासुद्धा न घेता गाडीत जाऊन बसले.