कापलेल्या तुकड्यांची पिशवी

"चप्पल कुणावर फेकली?" रावजी मास्तरांनी विचारले.

"पडद्यावर," हेरंब म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "प्रेक्षकांतली एक बाई उठली, ओरडली, आणि पायातली चप्पल काढून सरळ पडद्यावर!"

"पडद्यावर कोण होतं तेव्हा?"

"सोनबा. हरणघाटाचा नावाडी."

"हं..."

मास्तर कोल्हापुरातले जुने संकलक. चित्रपटाच्या पट्ट्या कापण्यात आणि जोडण्यात त्यांचे आयुष्य गेलेले; बोलतानाही ते शब्द कापूनच वापरीत. हेरंब त्यांचा लाडका शिष्य. तो नदीकाठच्या जीवनाचे चित्रण करायला एका छायाचित्रकाराला घेऊन हरणघाटी गेला होता. पुढे महिन्याभरातच त्या घाटावर सोनबाची होडी उलटली आणि शाळेची लेकरे बुडाली. हेरंब पुन्हा धावला. काठावर ओळीने निजवलेली ती इवलाली कलेवरे त्याने टिपून आणली, आणि नदीवरचा माहितीपट दुर्घटनेवरचा झाला. काल शहरात निवडक मंडळींपुढे त्याचा खेळ झाला होता. उद्या तो हरणघाटच्या देवळापुढे दाखवायचा होता.

"होडी कशानं उलटली?"

"चौकशी चालली आहे."

"म्हणजे ठाऊक नाही."

"नाही. पण मी तरी कुठं काय म्हटलंय, मास्तर? निवेदनात सोनबाविषयी एक अक्षर नाही. आधी पोरं दाखवली. मग आवाज काढून टाकला, नदीचासुद्धा. आणि त्या शांततेत सोनबाचं हसू. थोडं लांबवलं, इतकंच. बाकीचं लोकांनी केलं." तो अभिमानाने पुढे झुकला. "दोन तुकड्यांच्या मध्ये काहीच नसतं आणि सगळं तिथंच असतं. तुम्हीच शिकवलंत."

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा चढवला...

"सोनबा अजून गावात आहे?"

"जाणार कुठं? घाटावरच झोपडी आहे त्याची. उद्या येणार आहे बघायला. मागेच म्हणाला होता, माझं चित्र झालं की मला दाखवा. त्याला पुढच्या ओळीत बसवीन म्हणतो."

मास्तरांचा हात क्षणभर चष्म्यावरच राहिला.

"पिशवी आण."

हा त्या खोलीचा शिरस्ता होता. शिष्याने सिद्ध केलेले चित्र मास्तर आधी पाहत नसत. आधी पाहत ते कापून टाकलेले तुकडे. इतर शिष्य थट्टेने म्हणत, "म्हातारा जेवणाआधी उष्टं मागतो." हेरंबही त्या थट्टेत हसला होता.

"त्यात काय बघायचंय, मास्तर? नुसता केर आहे."

"आण."

मास्तरांनी कापडी पिशवी मांडीवर पालथी केली. एकेक तुकडा उजेडात धरला, बाजूला ठेवला. एका लांब तुकड्यापाशी थांबले आणि तो पाहण्याच्या यंत्राला लावला. लहानशा काचेवर सोनबा दिसला. तोंडात दात थोडे, हसू मोठे. मग चित्र हळूच डावीकडे वळले... चिखलात बसकण मारलेला हेरंब. कोपरापर्यंत चिखल, आणि पोट धरून हसणे चाललेले.

"हा मी!" हेरंबला आताही हसू फुटले. "उतरताना पाय घसरला आणि असा आपटलो, मास्तर! म्हातारा त्यालाच हसत होता. मग त्यानंच हात देऊन..."

तो थबकला.

मास्तर त्याच्याकडे पाहत होते.

"पण हसू खरं आहे," हेरंब जरा चढ्या आवाजात म्हणाला. "पोरं खरी आहेत. मी खोटं काय दाखवलं?"

मास्तरांनी चित्राचे रीळ यंत्रावर चढवले, लेकरांपर्यंत नेले, आणि कात्री उचलली.

"मास्तर! उद्याची प्रत आहे ती! एकच आहे!"

कात्री चालली. सोनबाचे हसू सुटून खाली लोंबले. त्याच्या जागी मास्तरांनी पिशवीतला तुकडा ठेवला, फक्त हेरंब हसतो तेवढा. कडा जुळवल्या, चिकटपट्टी दाबली. म्हाताऱ्या बोटांना घाई नव्हती, आणि कंपही नव्हता.

एवढ्यात आक्का आल्या. मास्तरांच्या पत्नी. हेरंब आला की ताक यायचेच, आणि तेही त्याच्या ठरलेल्या पितळी पेल्यातून. त्या पेल्याला त्या दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

"आलास व्हय रं लेका? किती वाळलास! ह्यांनी नुसतं बोलत बसवलं असंल. घे, आधी ताक घे."

त्यांनी पेला पुढे केला. त्याच वेळी मास्तरांनी यंत्र फिरवले.

आक्कांची नजर काचेकडे गेली.

घाटाची पायरी. ओळीने निजवलेली लेकरे. एकाच्या गळ्यात अजून दप्तराचा पट्टा.

"अगं आई गं..." आक्कांचा मोकळा हात तोंडाशी गेला. "कुणाची रं ही लेकरं..."

आणि लगेच हेरंब. मान मागे टाकून, डोळे मिटून, पोट धरून हसणारा.

हेरंबने स्वतःला पाहिले. तो माणूस त्याला ठाऊक नव्हता. चेहरा त्याचा होता, दात त्याचे होते, त्या दुपारचा चिखलही त्याला ओळखू येत होता. पण हसणारा कोणी दुसराच होता. नीच. निर्दय. मेलेल्या पोरांना हसणारा.

यंत्र थांबले...

आक्कांनी काचेकडे पाहिले. मग हेरंबकडे. मग पुन्हा काचेकडे. पुढे केलेला हात हळूहळू मागे गेला. पेला त्यांनी पदराशी धरला आणि त्या आत गेल्या.

"आक्का!" हेरंब उठला. त्याचा आवाज चिरकला. "अहो आक्का, मी चिखलात पडलो होतो! त्या दिवशी पोरं जिवंत होती! आक्का, ऐका तरी..."

आतून मोरीत ताक ओतल्याचा आवाज तेवढा आला.

हेरंब खाली बसला. त्याच्या पायाशी सोनबाचे हसू लोंबत होते.

"मास्तर..." त्याने आतल्या दाराकडे बोट केले. "मास्तर, त्या मला... त्या मला पोटच्या पोरासारखं ओळखतात!"

"ओळखते," मास्तर म्हणाले. "म्हणून नुसता पेला घेऊन गेली."