मागच्या खणातला पोवाडा

एका शहरात बातम्यांची एक वाहिनी होती. तिच्या तळघरात जुन्या चित्रीकरणाच्या टेपांचं लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली दामूअण्णा हुपरीकरांच्या कमरेला होती. कोणती टेप कुठे आहे, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसे. मोठमोठे वार्ताहर जिना उतरून खाली येत, अण्णा अण्णा करत, चहा मागवत, आणि मगच टेप हाती पडे. अण्णांना हे फार आवडे. कुणाला नाही आवडणार हो?

पुढे वाहिनीत संगणक आले. टेपांवरचं सगळं संगणकात उतरवायचं ठरलं, म्हणजे ज्याला जे हवं ते जागेवर बसून मिळेल. हे काम रेश्मा मुजावर नावाच्या अभियंता मुलीकडे आलं. अण्णा देतील त्या टेपा ती रोज वर घेऊन जाई.

अण्णा धास्तावले. सगळं वर गेलं तर खाली कोण येणार? मग त्यांनी काय केलं, मंत्र्यांनी फिती कापल्याच्या आणि पुतळ्यांना हार घातल्याच्या टेपा भराभर देऊन टाकल्या. दुर्मीळ तेवढ्या मागच्या खणात सारल्या आणि रेश्माला सांगितलं की संपलं बाई सगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत त्यांनी कुलूप लावलं. रेश्माने विश्वास ठेवला.

काही पावसाळे गेले. शाहीर गेनू खिलारे वारले. उतारवयात त्यांचा घसा कायमचा गेला होता. खणखणीत आवाजातला त्यांचा पोवाडा एकदाच चित्रित झाला होता, तोही याच वाहिनीकडून. दिवसकार्य उरकल्यावर वाहिनीने त्यांच्यावर कार्यक्रम ठेवला. शाहिरांच्या पत्नी चंद्राबाई आल्या. त्यांचं एकच मागणं होतं, धन्याचा तो आवाज एकदा ऐकायचा.

संगणकात पोवाडा सापडेना. तेव्हा संपादक स्वतः चंद्राबाईंना आणि रेश्माला घेऊन तळघरात आले. अण्णांची छाती फुगली. आता तरी कळेल म्हणावं यांना! त्यांनी ऐटीत मागचा खण उघडला.

टेप हाताला ओलसर लागली. तळघरातल्या ओलीने आतल्या फितीवर पांढरी बुरशी चढली होती. रेश्माने हलक्या हाताने पुसून ती यंत्रात घातली. पडद्यावर नुसत्या रेघा आल्या, खरखर झाली आणि फीत आत गुंडाळून तुटली. पुन्हा करून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अण्णांना मान वर करवेना. चंद्राबाई उठल्या आणि त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही एवढी वर्षं जपून ठेवलीत, तेवढं पुरे."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर अण्णांनी सोसल्या असत्या. हे सोसवेना. त्यांनी तिथेच, सगळ्यांदेखत खरं काय ते सांगितलं आणि किल्ली रेश्माच्या हातात ठेवली.

पदर सावरून चंद्राबाई हळूहळू जिना चढून गेल्या.

तात्पर्य: राखणदाराने मालक होऊ नये. आपला मान टिकवायला कोंडून ठेवलेली ठेव ना लोकांच्या कामी येते, ना आपल्या.