‘दर्याकमळ’ची साक्ष

राजे रुद्राजीरावांचं ‘दर्याकमळ’ गलबत तांदूळ आणि कौलं घेऊन निघालं आणि वेळण्याच्या खडकावर फुटलं. खलाशी पोहून किनाऱ्याला लागले. सगळ्यात शेवटी खलाशांचा म्होरक्या गोमाजी तांडेल आला. वाळूला पाय लागताच राजांच्या शिपायांनी त्याला धरलं.

दरबारात गलबताचा इतिहास आधीच लिहून तयार होता. लिहिणाऱ्या बखरकाराला विहिरीत वाकून पाहिलं तरी भोवळ यायची, पण समुद्रावर त्याने चाळीस पानं लिहिली होती. बत्तीस पानांत राजांची स्तुती, सात पानांत राजांच्या आजोबांची, आणि शेवटच्या पानावर एकच वाक्य: तांडेल झोपला म्हणून गलबत बुडालं.

गोमाजीने सांगितलं, की तो जागाच होता. खडकाला गलबत नुसतं घासलं, एरवी ओरखडा उठला असता, तेवढ्यानेच तळ फाटला. खलाशीही तेच म्हणाले. पण खलाशी म्हणजे तांडेलाचे भाऊबंद, त्यांची साक्ष राजे कशी धरणार? दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना ठेवलंच होतं त्या कामाला.

गोमाजीची मुलगी आवडी पुढे आली. गलबतांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवणं हा तिचा धंदा. तिने विचारलं, मग कुणाची साक्ष चालेल?

"गलबताची," राजे म्हणाले. "त्याने दरबारात यावं आणि आपला इतिहास आपण सांगावा. तीन दिवसांत आलं नाही, तर तुझा बाप जन्मभर किल्ल्याच्या कोठडीत."

दरबारी पोट धरून हसले. आवडी नुसतं "बरं" म्हणाली आणि निघाली.

ओहोटीला ती खडकावर गेली. फुटलेला तळ तिथेच आडवा पडला होता. त्याच्या फळ्या सागाच्या हव्या होत्या. या निघाल्या आंब्याच्या, आणि किड्यांनी पोखरून त्यांची चाळण केली होती. साग कुठे गेला हे सगळ्या बंदराला माहीत होतं. आदल्या वर्षी डागडुजीच्या नावाखाली चांगल्या फळ्या उपसून राजवाड्यात नेल्या होत्या. बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती. आवडीने आंब्याची एक फळी आणि फळ्या जिला खिळतात ती तळाची एक लांब फासळी सोडवून घेतली.

तिसऱ्या दिवशी दोन खलाशांनी ती लाकडं दरबारात आणून ठेवली. बखरकाराने नाक मुरडून विचारलं, हेच का ते बोलणारं गलबत?

"जरा बोट घाला फळीत," आवडी म्हणाली.

त्याने बोट घातलं, ते पलीकडून बाहेर आलं.

"हा त्याच्या इतिहासाचा शेवट. तुमच्या चाळीस पानांत कुठे सापडला नाही."

राजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हा कुजका तुकडा झाला, ते म्हणाले. आपल्याला पूर्ण गलबत हवं होतं. बाकीचं कुठे आहे?

फासळी उचलून आवडी सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी गेली आणि तिथल्या चकचकीत सागवानी फळ्यांना लावली. फासळीतलं खिळ्याचं एकेक भोक फळीतल्या बुजवलेल्या भोकासमोर बसलं. मग नखाने कोरून तिने एका फटीतून कापसाचा काळा धागा ओढून काढला. तो तिनेच कधीकाळी ठोकलेला होता.

राजे सावकाश म्हणाले, "गलबत इथे आहे, तर मग बोलत का नाही?"

"बोलेल कसं, महाराज? आपण त्याच्यावर बसला आहात. साक्षीदाराच्या छातीवर बसून साक्ष घेणारा दरबार मी पहिल्यांदाच पाहतेय."

राजांनी पायांखाली पाहिलं. दरबाऱ्यांनी राजांकडे पाहिलं, हसायचं की रागवायचं ते कळेना म्हणून. आणि राजे एकदम हसत सुटले, इतके की पगडी घसरून कानावर आली. मग दरबारीही हसले. जपून.

गोमाजीच्या बेड्या तिथेच काढल्या. राजांनी अंगावरची शाल आवडीला दिली आणि आणखी काय हवं ते विचारलं. तिने नव्या गलबतासाठी हा साग परत मागितला. शिवाय अट घातली, की तिने फळ्या ठोकून पाहिल्याशिवाय बंदरातून एकही गलबत सुटू नये, खुद्द राजांनी हुकूम दिला तरी.

"दिलं," राजे म्हणाले, आणि स्वतःच सिंहासनावरून खाली उतरले. सुतारांनी त्याच दुपारी चौथरा उखडला. पुढचे चार महिने राजांचा दरबार सतरंजीवर भरला.