खोताच्या पायरीतलं उखळ

कुठल्याशा एका गावात एक म्हातारी राहायची. गावाचं नाव विचारू नका, तिथली माणसं अजून भांडायला येतात. म्हातारीच्या तोंडात दात नव्हते आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. होतं काय, तर तुकडाभर जमिनीतलं भात, एक मुसळ आणि नाकाच्या शेंड्यावर बसलेला राग.

गावाचं उखळ फणसाखाली होतं. भल्यामोठ्या काळ्या दगडात कोरलेलं. कोणी कोरलं ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांचं. म्हातारी तिथं भात कांडायची आणि आपल्या तांदळाची पेज आपल्या हातानं रांधून प्यायची. कुणाच्या दारात वाडगा घेऊन उभी राहिली नाही, हाच तिचा तोरा.

मग गावच्या खोतानं नवं घर बांधलं. त्याला दारापुढं पायरी हवी होती. त्यानं गडी लावून उखळाचा दगडच उचलून नेला. एवढ्यावर थांबला असता तर खोत कसला! उखळात पाणी भरून ठेवलं आणि येताजाता त्यात पाय धुवायला लागला.

गावातले शूर पुरुष तेव्हा कुठं होते? सगळ्यांच्या म्हशी नेमक्या त्याच दिवशी हरवल्या होत्या. शोधायला गेले होते बिचारे. बायका मुकाट्यानं पलीकडच्या वाडीत कांडायला जाऊ लागल्या.

म्हातारी मात्र तडक खोताच्या दारात गेली. "मेल्या, गाव ज्यात अन्न कांडतं त्यात चिखलाचे पाय बुडवतोस?"

खोत हसला. "अगो आजी, तुझे हात आता किती दिवस चालणार? माझ्याकडचे कांडलेले तांदूळ नेत जा. जन्मभर."

"घे गो, आयतं मिळतंय!" एव्हाना परतलेले म्हशीवाले एका सुरात म्हणाले.

म्हातारीनं आपल्या हातांकडं पाहिलं. दुखत तर होतेच, रात्र रात्र ठणकायचे. पण ती म्हणाली, "तुझे तांदूळ खाल्ले की माझं तोंड तुझं झालं. आणि मला ते अजून पुष्कळ वापरायचंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच म्हातारी मुसळ घेऊन हजर. तिनं उखळातलं पाणी उपसलं, दगड घासून पुसला, भात ओतलं आणि धप्! धप्! सगळं घर हादरलं. खोत डोळे चोळत बाहेर आला, तर पायरी अडलेली आणि कोंडा उडून मिशीत बसलेला.

"बाजूला हो!"

"तूच हो. उखळ जिथं, मी तिथं."

तिला हात लावायची सोय नव्हती, कारण तिच्या हातात मुसळ होतं. खोत खिडकीतून उतरला. म्हातारी गेल्यावर त्यानं रागानं पुन्हा पाणी भरलं आणि पाय धुतले. म्हातारीनं सकाळी पुन्हा उपसलं. असं रोज चाललं. गावाला फुकटचा तमाशा!

पुढं खोताच्या लेकीचं लग्न ठरलं. लग्नाआधी घाणा भरायचा, म्हणजे गावच्या सुवासिनींनी गाणी म्हणत उखळात हळद कुटायची. बायका नटूनथटून आल्या आणि पायरीपाशी थबकल्या. उखळात गढूळ पाणी.

"या ना गो," खोतीण म्हणाली.

"वहिनी, बापानं पाय धुतले त्यात लेकीची हळद कुटू?" एकीनं विचारलं. "आमच्या अन्नाचं चाललं, तेव्हा आम्ही गप्प बसलो. आता नाही बसणार. दगड फणसाखाली जाऊ दे आधी."

खोतीण लालेलाल झाली. नवऱ्याकडं वळून म्हणाली, "जागेवर ठेवून या तो! तोवर घरात पाऊल टाकायचं नाही."

"अगो, पण पायरी?"

"उड्या मारा!"

खोतानं गड्यांबरोबर स्वतः खांदा लावला. फणसाखाली बसून नारळाच्या काथ्यानं उखळ घासलं. बायकांनी हळकुंडं पुढं केली, तेवढ्यात म्हातारी आली.

"हळद थांबेल. आधी माझं भात."

बायकांनी हळकुंडं मागं घेतली. म्हातारीनं भात ओतलं, पदर खोचला आणि मुसळ खोताच्या हातात दिलं.

"घे, कांड. माझे हात दुखतायत."

आणि खोतानं कांडलं.

तात्पर्य: सगळ्यांच्या वस्तूवर कुणी पाय ठेवला, तर पहिल्याच दिवशी ओरडावं. आणि एकट्या ओरडणाऱ्या म्हातारीला गप्प करण्याआधी, आपली म्हैस खरंच हरवली आहे का, ते गोठ्यात जाऊन बघावं.