झेंड्यात गुंडाळलेला चेंडू

एका थंड समुद्रात एक धुक्याचं बेट होतं. तिथे मेंढ्या, डुकरं, ससे, बदकं असे साधेसुधे प्राणी राहत आणि त्यांच्यावर एक सिंह राज्य करी. खरं तर त्या बेटावर सिंह कधी उपजलेच नव्हते. पण झेंड्यावर सिंहाचं चित्र होतं, म्हणून एक बाहेरून आणावा लागला. तो दिवसभर झोपे. कारभार प्रधान विश्वासराव कोल्हे बघत.

बेटाच्या मधून नदी वाहे. अलीकडे जन्मलेले ऐलथडीचे, पलीकडे जन्मलेले पैलथडीचे. वर्षातून एकदा, उपासाचा महिना लागण्याच्या आदल्या दिवशी, दोन्ही थड्यांची चेंडूवरून झुंज होई. संघ म्हणजे अख्खा काठ आणि मैदान म्हणजे अख्खं बेट. दुकानदार दारांना फळ्या ठोकून स्वतःच खेळायला येत. चेंडू आपल्या काठावरच्या जुन्या गिरणीत नेऊन जात्यावर आपटला, की गोल. नियम एकच: कुणाला जिवे मारायचं नाही. तोही अलीकडे आलेला.

चेंडू शिवायचं काम गोदाक्का पाणमांजरीकडे होतं. ती जन्मली थेट नदीत. त्यामुळे ती कुठल्याच थडीची नव्हती आणि दोघांनाही चालत होती.

त्या वर्षी सरकारी कोठारातून मिळणारा जव आधी अर्धा झाला, मग पाव झाला, मग ‘उद्या या’ झाला. ऐलथडीचा म्होरक्या भानुदास मेंढा आणि पैलथडीचा म्होरक्या गजाबा डुक्कर एकमेकांचं तोंड बघत नसत. पण भुकेपोटी तेही कोठारापुढच्या एकाच रांगेत येऊन उभे राहिले. दोन्ही काठ एका रांगेत पाहून विश्वासराव लगबगीनं बाहेर आले.

गोदाक्काही रांगेत होती.

“गोदाबाई, तुम्ही मासे खाणाऱ्या,” विश्वासराव गोड हसून म्हणाले. “तुम्हाला जवाची काळजी कशाला?”

“माझे शेजारी खातात.”

“शेजारी!” विश्वासराव रांगेकडे वळले. “ऐकलंत? हे असं दुसऱ्यांसाठी बोलणारे कुणाच्या सांगण्यावरून बोलतात, ते आम्हाला ठाऊक आहे. बंधुभगिनींनो, पोट काय, रिकामं होतं आणि भरतं. पण मान? उद्यापासून प्रत्येक बिळावर झेंडा! दाणा नको, बाणा हवा!”

“दाणा नको, बाणा हवा!” रांग ओरडली. रांगेतल्या बऱ्याच जणांना घोषणा छान वाटली.

दुसऱ्या दिवशी बेटभर झेंडे लागले. ज्यांना बीळच नव्हतं त्यांनी शेपटीला बांधले.

झुंजीचा दिवस उजाडला. महाराजांना उठवून मंचावर बसवलं. विश्वासरावांनी गोदाक्काच्या हातून चेंडू घेतला, तो झेंड्यात नीट गुंडाळला आणि जोरात वर उडवला.

हजार पाय लाथ मारायला उचलले गेले आणि तसेच हवेत थांबले. झेंड्याला लाथ मारणार कोण? चेंडू धप्पकन जमिनीवर पडला.

“झेंडा मातीला लागला!” बुलडॉग हवालदारानं शिट्टी फुंकली. “कुणी पाडला?”

भानुदास घाईघाईनं पुढे झाला. त्यानं अतिशय आदरानं चेंडू शिंगांवर उचलला. कापड टरकन फाटलं.

“भोसकला!” गजाबा किंचाळला. “ऐलथडीनं देश भोसकला!”

“तुझं अंग बघ आधी! चिखलात लोळतोस आणि झेंड्याकडे बघतोस?”

मग जी हाणामारी जुंपली, तशी त्या बेटावर कधी झाली नव्हती. दात गेले, शेपट्या गेल्या. धक्काबुक्कीत चेंडू घरंगळला आणि नदीत पडला.

गोदाक्कानं बुडी मारली. चेंडू घेऊन ती काठावर आली, भिजलेला झेंडा सोडवला, पिळला, नीट घडी घातली आणि हवालदाराच्या पंजावर ठेवला.

“हा तुमचा,” ती म्हणाली. “आणि हा आमचा.” असं म्हणून तिनं उघड्या चेंडूला सणसणीत लाथ घातली.

भानुदासच्या पायांत पिढ्यान्‌पिढ्यांची खाज होती. चेंडू समोर आला आणि त्यानं ठेवून दिली. झालं! अख्खं बेट चेंडूवर तुटून पडलं. तो लोंढा कुंपणं मोडत, वाफे तुडवत, बेकरीच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडत थेट कोठारावर आदळला. कोठाराचा दरवाजा उन्मळून पडला.

आत जव नव्हता. आढ्यापर्यंत झेंड्याच्या कापडाचे गठ्ठे रचलेले होते. एक उंदीर होता, तोही वाळलेला.

सगळे बघत राहिले. त्या क्षणी राज्य सहज पडलं असतं. पण विश्वासराव टुणकन एका गठ्ठ्यावर चढले.

“वा! काय खेळलात!” ते म्हणाले. “पण मला एक कळलं नाही. चेंडू गिरणीऐवजी कोठारात आला, मग गोल कुणाचा धरायचा?”

“आमचा!” भानुदास ओरडला.

“तुमचा कसला? आमचा!” गजाबा ओरडला.

“अरे, जव कुठं गेला ते विचारा!” गोदाक्का घसा फोडून सांगू लागली.

“अक्का, मध्ये बोलू नकोस,” भानुदास म्हणाला. “आधी गोलाचं ठरू दे.”

गोलाच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. गोदाक्कावर खटला झाला: थोड्या वेळापूर्वी झेंड्यात असलेल्या चेंडूला लाथ मारणे. शिक्षा म्हणून तिला दोन्ही काठ बंद झाले. ती राहतच होती नदीत, त्यामुळे अंमलबजावणी ताबडतोब झाली.

हिवाळ्यात प्रधानपदाची निवडणूक आली. मतदानाच्या सकाळी भानुदास झोकांड्या खात नदीकाठी आला. लोकर होती म्हणून तो मेंढा दिसत होता, आत फारसं काही उरलं नव्हतं.

“अक्का, तू सगळ्यात जवळ होतीस. खरं सांग, गोल आमचाच ना?”

“भानू, कधी जेवलास?”

“ते राहू दे गं. गोल कुणाचा?”

गोदाक्का त्याच्या लटपटत्या पायांकडे बघत राहिली.

“तुमचाच रे,” ती म्हणाली.

भानुदास ताठ मानेनं मतदानाला गेला. विश्वासराव दोन्ही काठांवरून प्रचंड मतांनी निवडून आले. विजयाच्या सभेत मागून कुणीतरी भुकेचा विषय काढला, तेव्हा ते मुळीच चिडले नाहीत. “उपाशी कोण कोण आहे? हात वर करा,” ते म्हणाले.

सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यांच्या हातांत झेंडे होते.

“बघा,” विश्वासराव गहिवरून म्हणाले, “केवढा हा उत्साह!”