भोंग्यातले साहेब

नगरपालिकेची घंटागाडी सुरू झाली आणि नगराध्यक्ष रंगराव खोपडे घराघरात पोचले, ते भोंग्यातून. "मी तुमचा नगराध्यक्ष बोलतोय. ओला आणि सुका कचरा वेगळा द्या. एकत्र दिलात तर बादली परत मिळेल, मग घर कुणाचंही असो." हे रेकॉर्डिंग गल्लोगल्ली वाजायचं. गाडीवर काम करणाऱ्या हौसाबाईला ते झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

चौथ्या दिवशी गाडी खुद्द खोपड्यांच्या फाटकाशी थांबली. बादलीत पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या आणि त्यांच्यावर ओतलेली कालची आमटी. हौसाबाईनं बादली होती तिथंच राहू दिली.

रंगराव बनियनवरच बाहेर आले. "बादली उचल. मी कोण आहे माहीत आहे ना? एका शब्दात घरी बसवीन."

शेजारीपाजारी आपापल्या बादल्या धरून थबकले. हौसाबाईनं पदर खोचला. तेवढ्यात भोंगा पुन्हा म्हणाला, "मग घर कुणाचंही असो."

"आवाज अगदी साहेबांसारखा काढता हो," हौसाबाई म्हणाली. "पण साहेब तर गाडीत आहेत. ते म्हणतात परत दे, तुम्ही म्हणता उचल. दोघांत खरे कोण ते ठरवून ठेवा. मी तोवर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते."

ती परतली तेव्हा फाटकाशी दोन बादल्या होत्या, आणि रंगरावांच्या बनियनवर आमटीचे शिंतोडे.